एक नायक, दोन भिंती

आमच्या गावात मारधाडीच्या एकाच चित्रपटाची दोन पोस्टरे लागली आहेत. महाविद्यालयाच्या चौकात नायकाच्या हाती बंदूक आहे आणि मागे ज्वाळा; मंडईच्या भिंतीवर तोच नायक आईच्या पायांशी वाकलेला आहे. कोणासमोर काय ठेवावे, हे जाहिरात करणारा नेमके जाणतो.

मंडईत भाजी विकणाऱ्या पारूबाईंचा मुलगा सैन्यात आहे. पोस्टरकडे पाहत त्या म्हणाल्या, “गुरुजी, पोरगं शेवटी घरी येतं का, तेवढं सांगा. येत असंल तरच तिकीट काढते.”

चौकातल्या पोस्टरविषयी मी काही बोललो नाही. “बघून सांगतो,” एवढेच म्हणालो.

गोळीबाराचे चित्रपट मी आजवर कटाक्षाने टाळले. त्या दुपारी मात्र पहिल्या खेळाला जाऊन बसलो आणि शेवटापर्यंत उठलो नाही.