मीठवाल्यांचा संघ

मदुरा बेटावर मिठागरात राबणारा मतरावी दर सामन्याला ढोल घेऊन पुढच्या रांगेत असायचा. गावचा फुटबॉल संघ तिसऱ्या श्रेणीतला, हरण्यात पटाईत. पण पलीकडे जावा बेटावर खेळायला गेलं की लोक "आले मीठवाले!" म्हणून हिणवायचे, तेव्हा मतरावी छाती पुढे काढून ओरडायचा, "होय, मीठवाले!"

मग मालकांनी संघ दूरच्या शहरातल्या एका धनिकाला विकला. नाव बदललं, जर्सी पिवळी झाली. मतरावीचा भाचा होस्नान गोलकीपर होता, तोही संघाबरोबर गेला.

पुढच्या वर्षी तोच संघ पाहुणा म्हणून गावच्या मैदानावर आला. समोर आता तिथे खेळणारा शेजारगावचा संघ, म्हणजे जन्माचा वैरी. तरी सगळं गाव त्या दिवशी वैऱ्याच्या बाजूने बसलं. "विकाऊ! विकाऊ!" असा गलका उठला, त्यात मतरावीही होता.

शेवटी वैऱ्याला पेनल्टी मिळाली. होस्नानने झेपावून चेंडू अडवला आणि उठून जर्सीवरच्या नव्या नावाचा मुका घेतला. तोवर मतरावीचा हात आपसूक ढोलावर पडला होता.

शेजारी बसलेला सुहाब्री खवळला. "अरे, तू नक्की कुणाचा?"

मतरावीने ढोल खाली ठेवला.

सामना संपल्यावर होस्नान प्रेक्षकांपुढच्या जाळीपाशी आला. "मामा, ढोल ऐकला मी. पोटासाठी गेलो हो."

"गेलास त्याचा राग नाही रे. पण मुका कशाला घेतलास?"

होस्नान मान खाली घालून बसकडे वळला. मतरावी पुन्हा मैदानावर फिरकला नाही. ढोल त्याने सुहाब्रीला देऊन टाकला. तो ढोल आता शेजारगावच्या संघासाठी वाजतो.