वडी की बाटली

आमच्या स्टाफरूममध्ये मधल्या सुट्टीत डबे उघडले की घरच्या गोष्टीही उघडतात. प्रत्येकाच्या घरात भांडायचा एक ठरलेला विषय असतो. कुणाकडे टीव्ही, कुणाकडे सासुरवाडी, कुणाकडे नारळ कुणी पाडायचे. आमच्याकडे साबण! सांगायला लागलो तेव्हा वाटलं होतं, एक गोष्ट सांगून संपेल. पण एक सांगितली की दुसरी आठवते, आणि गंमत अशी की प्रत्येक गोष्टीत मूर्ख ठरलेला माणूस एकच असतो. तो माणूस विज्ञान शिकवतो.

घरात आम्ही तिघंच. मी, बायको सुलू आणि माझी आये. आयेने अठ्ठ्याहत्तरी ओलांडली आहे. मागच्या पडवीत एक बेसिन, त्यावर एक साबणाची वडी, आणि ती तिघांत एक. चाळीस वर्षं कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

मग मला तालुक्याला दोन दिवसांच्या स्वच्छता प्रशिक्षणाला पाठवलं.

*

प्रशिक्षणातल्या मॅडम म्हणाल्या, "एका वडीवर घरातले सगळे हात फिरवतात. म्हणजे ते सगळ्यांच्या हातांचं संमेलनच की!" मला हे इतकं पटलं की येताना बाजारातून लिक्विड सोपची लिंबाच्या वासाची बाटली घेऊनच घरी आलो. आल्या आल्या बेसिनवरची वडी उचलली आणि माडाच्या मुळात टाकली.

आये बाटली उलटसुलट करून बघत होती. "ह्या काय रे, बाळ्या? खोकल्याचा औषध?"

"हात धुवायचा साबण आहे."

"साबण खंय? माका तर नुसता पाणी दिसता!"

साबणाच्या बाबतीत मी घरातही शाळेतलं मराठी बोलायचो. त्याने वजन पडतं अशी माझी समजूत होती. मी तिला दाबून दाखवलं, प्रशिक्षणात शिकवलेल्या हात धुवायच्या सात पायऱ्या करून दाखवल्या. तिने नळ सोडला, हात धारेखाली धरला आणि मग बाटली दाबली. साबण तळहातावर पडला आणि पाण्याबरोबर वाहून गेला.

"गेलो!" आये म्हणाली.

पुन्हा दाबलं. पुन्हा गेला. पाचव्यांदा कुठे जरासा फेस आला. चार दिवसांत बाटली रिकामी! मी कपाळाला हात लावला, तर आये शांतपणे म्हणाली, "बाळ्या, ह्यो साबण हात धुवूक नाय. गटार धुवूक आणलंस तू."

*

दुसरी बाटली मात्र टिकली. पंधरा दिवस झाले, महिना झाला, दीड महिना झाला, तरी बाटली भरलेलीच. मी खूश! स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगितलं, की सवय लागायला वेळ लागतो, पण एकदा पद्धत कळली की लिक्विड वडीपेक्षा पुरवठ्याला येतं. एका बाईंनी तर लिहूनही घेतलं. "आणि हात बघा," मी तळवे पुढे केले, "वडीने कोरडे पडायचे, आता कसे मऊ आहेत!"

त्या संध्याकाळी हात धुताना लक्षात आलं की फेस येत नाहीये. बाटली उजेडाकडे धरली. पलीकडचा माड स्वच्छ दिसला.

"सुलू, हे इतकं पातळ कसं झालं?"

"संपत इली होती, म्हणान पाणी घातलंय," ती आतून म्हणाली.

"किती वेळा?"

"संपत इली तेव्हा तेव्हा!"

म्हणजे निदान महिनाभर मी दिवसातून सहा वेळा, सातही पायऱ्या करून, मनात वीसपर्यंत आकडे मोजून, आडाच्या पाण्याने हात धूत होतो. मऊ राहणारच!

*

मग मी तडजोड काढली. वडी चालेल, पण ज्याची त्याला! तीन नव्या वड्या आणल्या, तीन करवंट्या घासून घेतल्या, प्रत्येकीवर कागदाची पट्टी चिकटवली. वर्गात हजेरीपत्रकावर लिहितो तशा ठळक अक्षरात नावं घातली. 'आये', 'सुलू' आणि 'मी'.

त्याच रविवारी आमचे मुख्याध्यापक जेवायला आले. मूळचे घाटावरचे, फार सभ्य, अंमळ संकोची माणूस. ताटं वाढली आणि ते हात धुवायला मागे गेले. गेले ते येईनातच. भाताची वाफ गेली. सुलू माझ्याकडे बघायला लागली. मी उठणार तेवढ्यात ते आले, हात हवेत धरलेले, चेहरा जरा अवघडलेला.

"सर," ते हळूच म्हणाले, "मी 'मी' लिहिलेला साबण वापरला. चालेल ना?"

सुलू पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात पळाली. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण आये पाटावरूनच मोठ्याने म्हणाली, "बाळ्या, तुझो 'मी' आता तेंकाच दी. तू दुसरो 'मी' घे!"

मुख्याध्यापकांना मालवणी कळत नाही. त्यांनी "छान, छान" म्हटलं आणि बसले.

*

घरात आपलं कुणी ऐकत नसलं की विज्ञान शिक्षक काय करतो? प्रयोग! पावाचे तीन तुकडे घेतले. एकाला न धुतलेला हात लावला, दुसऱ्याला वडीने धुतलेला, तिसऱ्याला लिक्विडने धुतलेला. हात तिन्ही वेळा माझाच, कारण प्रयोगात शिस्त हवी. प्रत्येक तुकडा वेगळ्या पिशवीत बंद केला आणि तिन्ही पिशव्या ओळीने फडताळात ठेवल्या.

"ह्यो पाव वाया कित्याक घालवतंस?" आयेने विचारलं.

"आठ दिवसांनी कळेल," मी म्हणालो. मनात भाषणसुद्धा तयार होतं.

आठव्या दिवशी दोघींना फडताळासमोर उभं केलं आणि पिशव्या काढल्या. न धुतलेल्या हाताच्या तुकड्यावर बुरशी होती. वडीच्या तुकड्यावर एक बारीक ठिपका. आणि लिक्विडचा तुकडा? पाव होता की शेवाळ, ओळखता येईना! हिरवा, काळा, मधेच पांढरा कापूस.

मी पिशव्यांवरची नावं दोनदा वाचली. मग आठवलं. लिक्विडने हात स्वच्छ धुतले होते खरे, पण त्यानंतर खांद्यावरच्या पंच्याला पुसले होते. त्या पंच्याने सकाळी मी मोटरसायकल पुसली होती.

एक सांगायला हवं. सुलू मूळची वेंगुर्ल्याची. घरात अस्सल मालवणी बोलते, पण मला खाली पाडायचं असलं की प्रमाण मराठीत शिरते. ती हात बांधून उभी राहिली आणि म्हणाली, "सर, निष्कर्ष लिहा."

*

मध्यंतरी लव्हेंडरच्या वासाची बाटली आणली. त्या दिवशी दुपारी शाळेत बक्षीस समारंभ होता, आणि सकाळी दारावर फडफडीत बांगडे आले. ताजे बांगडे दारात आल्यावर माणूस समारंभाचा विचार करतो का? पोटभर जेवलो. हात तीनदा धुतले, लव्हेंडरने. आये कोकमाच्या रसाची बाटली पुढे करून म्हणाली, "आगळ चोळ, वास जायत." मी म्हटलं, "आये, हा सुगंधी साबण आहे."

समारंभाला तालुक्याचे अधिकारी आले होते. इस्त्रीचा सफारी, तोंडात शुद्ध कार्यालयीन मराठी. "सदर उपक्रम अत्यंत स्तुत्य आहे," असं म्हणत त्यांनी माझा हात हातात घेतला. मी स्वच्छता विभागाचा प्रमुख, त्यामुळे हात जरा जास्तच वेळ हलवला. मग त्यांनी रुमाल काढायला हात वर नेला आणि मधेच थांबले. बोटं नाकाशी नेली. एकदा. दोनदा. मी हात पाठीमागे नेला.

ते माझ्या कानाशी वाकले. सगळं कार्यालयीन मराठी गळून पडलं होतं.

"बांगडो? खंय गावलो? आमका हल्ली ताजो गावणा नाय!"

*

आता शेवटची. ही मी स्टाफरूममध्ये एकदाच सांगितली आहे.

आयेचा उजवा डोळा काचबिंदूने बऱ्याच वर्षांपूर्वी गेला. डाव्यावर तिचा सगळा संसार. गेल्या वर्षी त्याच डोळ्यात मोतीबिंदू पिकला. ती भिंतीला हात लावून चाचपत फिरायला लागली, तांदळातला खडा तिला दिसेना, आणि हे ती कुणाला सांगेना. मी तिला कुडाळला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते, पण आडपडदा न ठेवता बोलले. "एकच डोळा आहे, म्हणून जपायला हवं. ऑपरेशन आम्ही करू. नंतरचा महिनाभर तुमच्या हातात. इन्फेक्शन झालं तर अवघड होईल. थेंब घालणाऱ्याने प्रत्येक वेळी आधी साबणाने हात धुवायचे."

मी वही काढली. "कोणता साबण? वडी की लिक्विड?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "कुठलाही. धुतले म्हणजे झालं."

मागे बसलेल्या सुलूने हात पुढे करून माझी वही मिटली. 

ऑपरेशन झालं. दिवसातून सहा वेळा थेंब. सकाळ-संध्याकाळचे माझ्याकडे, शाळेच्या वेळेतले सुलूकडे. इतकी वर्षं पोरांना हात धुवायला शिकवत होतो, पण हातांची भीती वाटायची वेळ पहिल्यांदाच आली. आये खाटेवर आडवी होऊन डोळा वर करायची आणि मी आधी स्वतःची बोटं बघायचो. या एका थेंबाबरोबर काही आत गेलं तर? वडी असेल तर वडी, बाटली असेल तर बाटली, जे हाताला लागेल त्याने धुवायचो. दोनदा धुवायचो. बोटांची सालं निघाली.

आणि दर वेळी आयेचा तोच प्रश्न. "हात धुतलंस?"

"धुतलंय गे आये." कधीपासून मी घरात साबणाबद्दलही मालवणीत बोलायला लागलो होतो, मलाच कळलं नव्हतं.

एके दिवशी शाळेत मीटिंग लांबली. यायला उशीर झाला, सुलू बाहेर गेलेली, थेंबांची वेळ टळून गेली होती. पिशवी टाकली, औषधाच्या बाटलीचं बूच काढलं, खाटेपाशी गेलो.

"हात धुतलंस?"

"धुतलंय."

तिने डोळा घट्ट मिटून घेतला. "परत धू."

"अगे, धुतलंय म्हणतंय मा!"

"नळ वाजलो नाय."

मी मागे गेलो. नळ पूर्ण सोडला. बराच वेळ तिथेच उभा राहिलो, साबण कधीच वाहून गेला होता. लहानपणी तिच्याशी खोटं बोललो की कान धरायची. त्या दिवशी तिने धरला असता तर बरं वाटलं असतं. परत आलो तेव्हा तिने डोळा उघडला.

महिन्याने शेवटच्या तपासणीला गेलो. वाटेत मोटरसायकलची चेन दोनदा पडली, म्हणून आयेला सुलूबरोबर रिक्षाने पुढे पाठवलं आणि मागून पोचलो. दवाखान्यातल्या बेसिनवर घाईघाईत हात धुतले आणि आयेच्या खुर्चीशेजारी जाऊन उभा राहिलो. डॉक्टरांनी तिला नवा चष्मा घातला होता. भिंतीवरची अक्षरं तिने वरपासून खालपर्यंत वाचली. सुलूने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं, कारण खाली बघितलं असतं तर गडबड झाली असती.

"लांबचं मस्त, आजी!" डॉक्टर म्हणाले. "आता जवळचं बघू." ते टेबलावर वाचायचं कार्ड शोधायला लागले.

आये कार्डासाठी थांबली नाही. खुर्चीच्या दांडीवर ठेवलेला माझा हात तिने उचलून दोन्ही हातांत घेतला, चष्म्याजवळ नेला, उलटा केला, सुलटा केला. एकेक बोट बघत राहिली. किती दिवसांनी ती माझ्याकडे असं बघत होती! मी हात तसाच तिच्या हातात राहू दिला. डॉक्टरही थांबले.

"काय आजी, दिसतं का नीट?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"दिसता तर!" आये म्हणाली. "ह्येच्या नखांतलो मळ दिसता. करंगळेचो सुद्धा!"