बसल्या जागी सुसाट

वेगावर जगात सर्वांत जास्त प्रेम करणारा आणि वेगाला सर्वांत जास्त घाबरणारा माणूस एकच आहे, आणि दुर्दैवाने तो माझा साडू आहे. नगरला एमआयडीसीत लेथवर काम करतो आणि स्कूटर अशी चालवतो, की सायकलवरचे दूधवाले त्याला ओलांडताना मागे वळून "बरं न्हाई का?" असं विचारतात. हाच माणूस डोळ्यांवर तो व्हीआरचा, व्हिडिओगेम डोळ्यांपुढे खरा करणारा चष्मा चढवला, की लाल रेसगाडीतून ताशी दोनशेच्या वेगाने सुटतो. पण चष्मा काढला की तोंड पाडून बसतो. "दिसतंय समदं," म्हणतो, "पन पोटात गोळा येत न्हाई."

या गोळ्यापायी त्याने घराचा कारखाना केला. त्याचं शास्त्र ऐकण्यासारखं आहे. "गाडी पळाली म्हंजी आपन मागं दाबलो जातो, व्हय ना? मग खुर्चीच मागं कलवायची! डोळ्याला रस्ता, पाठीला दाब, मेंदू म्हनतो गाडी पळाली. फकस्त हळू कलवायची. तोल कानात असतो, त्या कानाला कळता कामा न्हाई." मग भंगारातून बसच्या ड्रायव्हरची सीट आली. तिच्याखाली दवाखान्यातली खाट वर-खाली करणारी मोटर बसली. समोर खेळाचं स्टिअरिंग, पायाशी ब्रेक, वाऱ्यासाठी टेबलफॅन. आणि ब्रेकचा झटका द्यायला सीटबेल्ट, ज्याचं मागचं टोक माझ्या मेव्हणीच्या हातात. समोरच्या टीव्हीवर ब्रेकचा लाल दिवा लागला, की तिने पट्टा ओढायचा. हे काम ती फार मन लावून करी. लग्न झाल्यापासूनचा सगळा हिशेब त्या पट्ट्यात उतरायचा.

पहिला प्रयोग अर्थातच माझ्यावर झाला, तोही मिसळ खाऊन आल्यावर. खुर्चीने हळू कलायचं सोडून थेट आडवं होणं पसंत केलं. मी पाठीवर, डोळ्यांपुढे ताशी दोनशे, तोंडावर पंखा. साडू वाकून विचारतोय, "साडूभाऊ, आला का गोळा?" मी म्हटलं, "आला. आता बाहेर येतोय, बादली आण." त्यानंतर नातेवाइकांनी त्या घरी उपाशीपोटी जायचं ठरवलं.

मला वाटायचं, हे सगळं हौसेचं खूळ आहे. खरं कारण आमचे सासरे होते. मामांनी उभी हयात पारनेरहून नगरच्या मार्केटला टेम्पोतून भाजी आणली. शेजारच्या सीटवर सासूबाई, त्यांच्या मांडीवर जेवणाचा डबा. सासूबाई गेल्या. मग मामांचा डावा गुडघा गेला, क्लच दाबवेना, टेम्पो विकला. तेव्हापासून मामा धाकट्या लेकीकडे, या साडूकडे, भिंतीकडे तोंड करून बसून असत. जेवा म्हटलं की जेवत, एवढंच. आणि साडूने डोक्यात एकच घेतलं होतं, की म्हातारा एकदा गाडीत बसला पाहिजे. एकदा चष्मा लावून बघितलाही होता मामांनी. "शिनेमा हाय," म्हणाले आणि काढून ठेवला. तिथूनच त्या गोळ्याचा शोध सुरू झाला होता, हे मला फार उशिरा कळलं.

शेवटी एका रविवारी खुर्ची शहाण्यासारखी वागू लागली. मामांना बसवलं, चष्मा चढवला. मेव्हणी मागे पट्टा धरून, मी डावीकडे पंखा धरून. मामांनी आधी स्टिअरिंगला हात लावून तो कपाळाला लावला. साडू पुटपुटला, "आता पळवा, मामा." पण पळवतील ते मामा कसले! शर्यतीच्या त्या रस्त्यावर त्यांनी गाडी डाव्या अंगाने, भाजी भरल्याच्या बेताने काढली. सगळ्या रेसगाड्या सूं सूं करत पुढे निघून गेल्या. "जाऊ द्या," मामा म्हणाले, "मरायची घाई झालीय त्यांना." कित्येक महिन्यांत त्यांच्या तोंडून आलेलं ते पहिलं लांब वाक्य होतं. साडूने माझ्याकडे असं पाहिलं, जणू शर्यत जिंकली.

तेवढ्यात एक पिवळी गाडी आडवी आली. मामांनी ब्रेक मारला, खुर्ची पुढे झुकली, मेव्हणीने पट्टा ओढला. आणि मामांचा डावा हात सटकन बाजूला आला आणि माझ्या पोटावर आडवा पडला. शेजारच्याला पुढे पडू न देण्यासाठी ड्रायव्हरचा हात येतो, तसा. घट्ट धरलं त्यांनी मला.

"लागलं न्हाई ना?" मामा म्हणाले. "डबा सांडला का?"

मेव्हणीने पट्टा सोडून पदर तोंडाला लावला. मलाही रडू आलं, पंखा धरला होता म्हणून डोळे पुसता येईनात. मामांनी चष्मा काढला, माझ्याकडे पाहिलं, हात हळूच मागे घेतला. मग साडूला म्हणाले, "आला रं गोळा." आणि जरा वेळाने, "उद्या परत काढू गाडी."

साडू अजून स्कूटर तशीच चालवतो. परवा गेलो तर मामांच्या डाव्या अंगाला, त्याच चौकटीवर, त्याने दुसरी सीट ठोकली होती, पट्ट्यासकट. दमलो होतो, म्हणून टेकायला गेलो, तर साडूने माझा दंड धरला.

"तुमी पंखा धरा, साडूभाऊ," तो म्हणाला. "ती सीट भरलीय."

मी पंखा धरला. मामांनी गाडी काढली.