सात जणांनी ऐकलेलं काळीज

मी त्या दवाखान्यात सिस्टर म्हणून लागले तेव्हा हिंगोली अजून जिल्हा झाला नव्हता, आम्ही परभणीत मोडत होतो. कळमनुरी तालुक्यातला तीस खाटांचा दवाखाना, एका ट्रस्टचा. मी बंजारा तांड्यावरची. नर्सिंग शिकलेली आमच्या तांड्यातली पहिलीच मुलगी, म्हणून घरी माझं कौतुक होतं आणि दवाखान्यात माझा उपयोग. मला आमची बोली गोरमाटी येत होती, मराठी आणि हिंदी येत होती, आणि पुस्तकांच्या कृपेने मोडकंतोडकं इंग्रजीही. तांड्यांवरच्या बायका डॉक्टरांसमोर खाली मान घालून गप्प बसायच्या. मी गोरमाटीत विचारलं की मग सगळं सांगायच्या.

दोनेक वर्षांनी युरोपातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाशी आमच्या दवाखान्याचा करार झाला. दर हिवाळ्यात तिकडचे सहा-सात विद्यार्थी आणि त्यांच्या एक प्राध्यापक बाई सहा आठवड्यांसाठी येणार, आमच्या रुग्णांच्या खाटांपाशी उभं राहून शिकणार. आम्हाला त्यांच्याकडून ईसीजीचं मशीन मिळणार, पुस्तकं मिळणार, आमच्या डॉक्टरांसाठी व्याख्यानं होणार. आमचे मोठे डॉक्टर, ज्यांना आम्ही सगळे 'सर' म्हणायचो, त्या करारामुळे फार खुश होते. मलाही आनंद झाला. दुभाषी म्हणून त्या सहा आठवड्यांत मी राउंडला सगळ्यात पुढे असायची.

माणसं वाईट नव्हती, हे आधी सांगते. त्या प्राध्यापक बाई पन्नाशीच्या, उंच, आखूड केसांच्या. प्रत्येक खाटेपाशी हात जोडून 'नमस्कार' म्हणायच्या. मुलं ज्वारीची भाकरी आवडीने खायची, ठेचा खाऊन डोळ्यांतून पाणी काढायची आणि पुन्हा मागायची. चूक झाली ती राउंडमध्येच, आणि त्यात मी सामील होते.

तिसऱ्या हिवाळ्यात पुसेगावकडच्या एका तांड्यावरची बाई भरती झाली. वय चाळीसच्या आसपास, पण साठीची दिसायची. चार पावलं चालली की दम लागायचा, रात्री उशाला दोन गाठोडी घेऊन बसल्या बसल्या झोपायची. मी तिला याडी म्हणायची, आमच्यात आईला म्हणतात तसं. लहानपणी आलेल्या तापाने तिच्या हृदयाची एक झडप आखडली होती. तो आजार आमच्याकडे दर महिन्याला एखादा तरी दिसायचा. त्या मुलांच्या देशात तो जवळजवळ संपला होता. त्यांनी तो फक्त पुस्तकात वाचलेला.

एके दिवशी राउंडला प्राध्यापक बाईंनी याडीला डाव्या कुशीवर वळायला सांगितलं आणि झडपेचा आवाज कसा ऐकायचा ते दाखवलं. मग एकेक करून सातही जणांनी तिच्या छातीला स्टेथोस्कोप लावला. आवाज सापडला की एखाद्याचा चेहरा फुलायचा, तो शेजाऱ्याला काहीतरी सांगायचा. बाईंनी वीसेक मिनिटं इंग्रजीत समजावलं. मी मध्ये मध्ये फक्त 'याडी, कुशीवर हो', 'श्वास धर', 'सोड' एवढंच सांगत होते. एवढंच सांगायला मला सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाट रिकामी होती. सरांनी केसपेपरवर 'न सांगता गेली' असा शेरा मारला. असं होत असे, कुणी फार मनावर घेत नसे. माझ्या मात्र मनातून ती जाईना. रविवारी सुट्टी होती. मी पुसेगावची एसटी धरली आणि तिथून तांड्यापर्यंत चालत गेले.

याडी झोपडीच्या सावलीत तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मला पाहून तिने पाणी दिलं, पण माझ्याकडे बघेना. आम्ही गोरमाटीत बोललो, इथे मी ते मराठीत लिहिते.

"याडी, काहून आलीस निघून?"

"मंग काय करू? सात जणांनी ऐकलं. सात! एक झाला की दुसरा, दुसरा झाला की तिसरा. एकमेकांकडं बघत व्हते. एकानं बी मला सांगितलं न्हाई की काय ऐकू आलं. मी म्हनलं, आपलं काय खरं न्हाई. मरायचं तं आपल्या घरी मरावं."

"तसं न्हाई गं. ते शिकून राहिले व्हते."

"ते शिकून राहिले व्हते, बराबर. तू काय करून राहिली व्हतीस? तू तं आपली हायस."

मी तिच्या समोर बसले, शेंगा सोलू लागले आणि जे त्या दिवशी सांगायला हवं होतं ते तेव्हा सांगितलं. झडप म्हणजे काय, ती घराच्या दारासारखी कशी उघडते, तिचं दार कसं अर्धंच उघडतं, म्हणून दम कसा लागतो. गोळ्या घेतल्या आणि दर तीन आठवड्यांनी एकदा सुई घेतली तर कसं बरं राहता येईल. तिने दोनदा विचारलं, "म्हंजी लगेच न्हाई मरत?" मी म्हटलं, "लगेच न्हाई." तिसऱ्या दिवशी ती भावासोबत स्वतः दवाखान्यात आली. त्यानंतर तिची सुई कधी चुकली नाही.

हे मी कुणालाच सांगितलं नाही. सरांना सांगायची भीती वाटली, बाईंना सांगायची लाज.

पुढे दोनेक वर्षांनी, जिल्हा वेगळा व्हायच्या सुमारास, त्या करारातून काय साधलं हे तपासायला दोन माणसं आली. एक तिकडचे दाढीवाले गृहस्थ, आणि एक पुण्याच्या डॉक्टर मॅडम. नेमक्या त्याच वेळी प्राध्यापक बाईही मुलांना घेऊन आल्या होत्या. सरांनी दवाखान्याला चुना मारून घेतला, आम्हाला नवे युनिफॉर्म शिवले. पाहुण्यांकडे छापील प्रश्नांचे कागद होते. किती विद्यार्थी आले, किती तास शिकवलं, कोणती उपकरणं चालू आहेत. रुग्णांसाठी वेगळा कागद होता, विदेशी विद्यार्थ्यांच्या तपासणीबद्दल तुम्ही किती समाधानी आहात, एक ते पाच.

मी वॉर्डात फिरून विचारायचं, उत्तर सांगायचं आणि मॅडमनी लिहायचं असं ठरलं. पहिल्या आजोबांनी सांगितलं, पाच. दुसऱ्या बाईने सांगितलं, "पाचच लिवा." हट्टा गावाहून आलेल्या एका म्हाताऱ्याला पाचच्या पुढे काही आहे का ते हवं होतं. बारा खाटा झाल्यावर मॅडमनी पेन बंद केलं.

"सिस्टर, सगळेच पाच कसे?"

"मॅडम, तुम्ही विचारताय म्हणून पाच."

"म्हणजे?"

मी पुढच्या खाटेकडे वळले. मॅडम खाटेच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, "मला हा कागद भरून न्यायचा असता तर मी पुण्यातच भरला असता. मला खरं सांगायला इथे कोण आहे?"

दुपारी सरांच्या खोलीत बैठक होती. सर, प्राध्यापक बाई, दाढीवाले गृहस्थ, मॅडम आणि चहा घेऊन उभी असलेली मी. मॅडम मला म्हणाल्या, "बसा. आणि बोला." मी आधी मराठीत सुरू केलं, मग बाईंना कळावं म्हणून माझ्या त्या मोडक्या इंग्रजीत. याडीची सगळी हकीकत सांगितली. सात जण, रिकामी खाट, तुरीच्या शेंगा. 'तू काय करून राहिली व्हतीस' हेही सांगितलं, कारण ते वगळलं असतं तर मी फक्त चहाड्या केल्यासारखं झालं असतं.

सर खिडकीबाहेर बघत होते. त्यांचे कान लाल झालेले मला दिसत होते. दाढीवाले गृहस्थ भरभर लिहीत होते. प्राध्यापक बाईंनी दोन्ही हात टेबलावर ठेवले होते आणि त्या हलल्या नाहीत. मग त्यांनी विचारलं, "ती अजून आहे?"

"आहे. पुढच्या गुरुवारी सुईला येईल."

"मला तोपर्यंत थांबायचं नाही," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी दवाखान्याच्या जीपने गेलो. तांड्यावर गाडी आली म्हटल्यावर बायका-लेकरं जमली. याडीने घोंगडी अंथरली. बाई मात्र तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालायचा प्रयत्न करत बसल्या. त्यांचे लांब पाय काही केल्या दुमडेनात, त्यावर पोरी हसल्या, तेव्हा त्याही हसल्या. मग त्या जे म्हणाल्या ते मी शब्दाला शब्द सांगितलं. "मी तुझं काळीज ऐकवून मुलांना शिकवलं आणि तुला काहीच सांगितलं नाही. माझं चुकलं."

याडी मला म्हणाली, "इचार तिला, ते कानात घालायचं आनलं का तिनं?"

बाईंनी पिशवीतून स्टेथोस्कोप काढला. याडीने तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, "सगळ्यांनी ऐकलं. मीच ऐकलं न्हाई."

बाईंनी तिच्या कानात नळ्या घातल्या, तिला डाव्या कुशीला कललेलं बसवलं आणि दुसरं टोक तिच्या छातीवर बरोबर जागी धरलं. पोरं गप्प झाली. याडीने डोळे मिटले. तिच्या ओठांचे कोपरे हळूहळू वर गेले.

"खडीवरून बैलगाडी चालल्यावानी आवाज येऊन राहिला."

मी ते इंग्रजीत सांगितलं. बाई म्हणाल्या की तीस वर्षं त्या हा आवाज मुलांना शब्दांत सांगायचा प्रयत्न करताहेत, पण इतकं नेमकं त्यांना कधी जमलं नाही. त्यांनी ते वाक्य वहीत लिहून घेतलं. पुढच्या वर्षीपासून त्या मुलांना तसंच शिकवू लागल्या, आणि हे कुणी सांगितलं तेही सांगायच्या.

सर माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत. मी मनात दुसरी नोकरी शोधायला लागले होते. पाचव्या दिवशी त्यांनी बोलावून घेतलं. "तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं," ते म्हणाले. मग म्हणाले, "पण मी आधी विचारायला हवं होतं, हेही खरंच." एवढ्यावर त्यांनी तो विषय संपवला. मोठ्या हुद्द्याच्या माणसाने एका सिस्टरपुढे असं बोलणं तेव्हाही सोपं नव्हतं. त्यांच्याबद्दलचा माझा आदर त्या एका वाक्याने दुप्पट झाला.

काही महिन्यांनी छापील अहवाल आला. मी तो डिक्शनरी घेऊन आठवडाभर वाचला. आकडे होते, तक्ते होते. आणि एका पानावर याडीची गोष्ट होती, तिचं किंवा माझं नाव न घेता. खाली लिहिलं होतं की या सहकार्यात विद्यार्थी शिकले, पण रुग्णांना आणि परिचारिकांना कुणी शिकवलं नाही. त्याप्रमाणे राउंड बदलला. रुग्णाला त्याच्या भाषेत आधी सांगायचं, त्याला विचारायचं, एका वेळी दोघांनीच तपासायचं, आणि झाल्यावर काय ऐकलं ते त्याला परत सांगायचं. बाई रुग्णाच्या खाटेजवळ तास घ्यायच्या तेव्हा आम्हा सिस्टरांनाही बसवू लागले. मलाही काही महिन्यांसाठी तिकडे पाठवायचं ठरलं होतं, ते मात्र झालं नाही. व्हिसाचे कागद दोनदा परत आले. वाईट वाटलं, नाही असं नाही.

पण बाई दर हिवाळ्यात आल्या की मला तासभर वेगळं शिकवायच्या. आधी चांगल्या हृदयाचा आवाज, शंभर माणसांचा, कंटाळा येईपर्यंत. मगच बिघडलेल्या हृदयाचा. "चांगलं ओळखता आलं की वाईट आपोआप कळतं," म्हणायच्या. मी माझ्या सासूचं, शेजारणीचं, एसटीच्या ड्रायव्हरचंसुद्धा हृदय ऐकलं आहे.

दोन हजारनंतरची गोष्ट. आम्ही डोंगरकडा गावच्या एका शाळेत मुलांची तपासणी करायला गेलो होतो. वजन, डोळे, दात. मी रांगेतल्या प्रत्येक लेकराच्या छातीला स्टेथोस्कोप लावत होते. तसं कुणी मला सांगितलं नव्हतं, सवयच लागली होती. चौथीतली एक मुलगी समोर आली. हसरी, दोन वेण्यांची. तिच्या काळजात दोन ठोक्यांच्या मध्ये एक फुसफुस ऐकू आली. मी तिला कुशीवर झोपवलं, पुन्हा ऐकलं. मग वर बघून तिला सांगितलं, "तुझ्या काळजात एक बारीक आवाज येऊन राहिला. भिऊ नको. मोठ्या डॉक्टरांना ऐकवू."

"मला बी ऐकू द्या," ती म्हणाली. मी नळ्या तिच्या कानात घातल्या.

सरांनी ऐकलं, मान हलवली, नांदेडला पाठवलं. तिथे याडीचाच आजार असल्याचं पक्कं झालं. त्या वयात ओळखलं गेल्यामुळे तिची झडप फार खराब झालेली नव्हती. तीन आठवड्यांची सुई सुरू झाली. तिचे वडील दर वेळी तिला सायकलवर घेऊन यायचे आणि बाहेरच्या बाकावर टोपी मांडीवर ठेवून बसायचे. एकदा त्यांनी मला विचारलं, "सिस्टर, हे तुमाला कुनी शिकवलं?"

मी सांगायला लागले आणि मला कळेना, कुठून सुरू करू. त्या उंच बाई, बोलायला लावणाऱ्या मॅडम, कान लाल झालेले सर, आणि पुसेगावकडची एक बाई जी कधी शाळेत गेली नाही. मी सगळ्यांचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

पुढच्या खेपेला ते एकटेच आधी आत आले, खांद्यावर केळीचा एक अख्खा घड. त्यांच्या भागात केळी बऱ्याच होतात. घड त्यांनी टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "तुमच्या समद्या मास्तरांसाठी हाय." त्या वर्षीचे परदेशी विद्यार्थी वॉर्डात होते, सर होते, सिस्टर होत्या, खाटांवर रुग्ण होते. आम्ही सगळ्यांनी ती केळी तिथेच खाल्ली, आणि सालं भरायला बादली पुरली नाही.