प्रॅक्टिकलनंतरचे स्वच्छ हात

वर्कशॉपमागच्या नळावर मुलं हात धूत होती. कोपरापर्यंत काळं ग्रीस, त्यावर साबणाच्या पावडरीचा फेस आणि नुसता आरडाओरडा. आज इंजिन खोलून पुन्हा जोडण्याचं प्रॅक्टिकल होतं. सवयीने मीही रांगेत उभी राहिले, आणि मग लक्षात आलं, माझे हात तर स्वच्छच आहेत.

वर्गात मुली दोनच, मी आणि रेवती. सुरुवातीलाच रेवतीने पाना उचलला, तर सर हसून म्हणाले, "अगं, राहू दे, हात खराब होतील. तुम्ही दोघी मापं लिहून घ्या." मग माझ्या वहीकडे बोट दाखवत, "हिचं अक्षर बघ किती सुंदर!" पाना एका मुलाच्या हातात गेला. रेवतीने माझ्याकडे पाहिलं. मी एक शब्द बोलले असते तरी तिला पुरला असता. मी पट्टी काढून रेघा आखायला घेतल्या. खोटं कशाला बोलू, कौतुकाने मला बरंच वाटलं होतं. कौतुक कानाला गोड लागत असताना हातातून काय काढून घेतलं जातंय, ते कळत नाही. की कळतं, आणि तरी आपण रेघा आखतो?

रेवती नळावर आली. तिचं एक बोट काळं होतं. सरांची पाठ फिरल्यावर तिने इंजिनाला हात लावला असणार. मी पावडरीचा डबा पुढे केला.

"तू धू," ती म्हणाली. "मला नाही धुवायचं."

ती गेली. मी नळाखाली हात धरले. पाणी जसं आलं तसंच नितळ वाहून गेलं.