शिद्रामचं बारसं

दारात माणूस उभा राहिला की बाई उजवा तळहात वर करायच्या आणि म्हणायच्या, "आधी आंघोळ, मग कहाणी." माणूस रडत असो की शिव्या देत असो, बाईंचा हात खाली येत नसे. एकदा मी म्हणालो, "बाई, याला ताप आहे, याला तरी सोडा." त्या म्हणाल्या, "मग पाणी कढत करते की."

सोलापूर स्टेशनच्या मागे, रूळ ओलांडून गेलं की मिशनचं एक जुनं गोदाम होतं. त्यात बेघरांसाठी आसरा काढला होता. दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती, पण त्यात गाव सोडलेली कितीतरी माणसं अजून फलाटावरच पडून होती. त्यांना आणायचं, धड करायचं, हाताला काम लावायचं, हे बाईंचं काम. मी जवळच्या दवाखान्यात कंपाउंडर. दर बुधवारी औषधं घेऊन जायचो. खरं सांगायचं तर आधी आधी चहासाठीच जायचो.

बाई पन्नाशीच्या. पांढरं पातळ, पायात पुरुषी चपला, आवाज सगळ्या गोदामाला पुरेल असा. लग्न केलेलं नव्हतं, मागे-पुढे कुणी नव्हतं. त्यांना नाव होतं, पण ते कुणी घेत नसे, म्हणून मीही घेत नाही. एका तेलुगू विणकराला बोलावून त्यांनी माणसांना मागासाठी सुताच्या कांड्या भरायला शिकवलं होतं. माणूस जरा तयार झाला की त्याला घेऊन त्या थेट कारखान्यात जायच्या आणि मालक हो म्हणेपर्यंत दारातून हलायच्या नाहीत. पुष्कळ मालक केवळ वाट मोकळी व्हावी म्हणून हो म्हणत.

जेवणाआधी त्या प्रार्थना करायच्या. बसायची कुणावर सक्ती नव्हती, पण भाकरी तिथेच असल्यामुळे सगळेच बसत. एकदा एक म्हातारा मधूनच ओरडला, "बाई, देवाला जरा थोडक्यात सांगा, कालवण निवालंय." बाईंनी एक डोळा उघडला, "आमेन" म्हणाल्या आणि वाढायला उठल्या.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. दुसऱ्याचं भलं करायला निघाली की कुणाचं ऐकत नाहीत. बाईंचा एक हट्ट होता. ज्याला घर आहे त्याने घरी जायचंच. "दार वाजवलं की उघडतं," असं त्या म्हणायच्या. या हट्टापायीच शिद्रामच्या बाबतीत त्या फसल्या.

शिद्राम मैंदर्गीच्या पलीकडच्या एका वस्तीवरचा मेंढपाळ. बाईंपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा, झुपकेदार मिशांचा. आंघोळ केली, पण कहाणी सांगेना. कोपऱ्यात बसून टकळीवर लोकर कातत राहायचा. महिन्याभराने बोलला. दुष्काळात मेंढरं घेऊन चाऱ्यासाठी लांब गेला होता. सगळी मेंढरं वाटेत मेली. रिकाम्या हाताने बायकोला तोंड कसं दाखवायचं, म्हणून घरी गेलाच नाही. चार वर्षं झाली होती.

"एवढंच ना?" बाई म्हणाल्या आणि दुसऱ्याच दिवशी त्याला नवं धोतर नेसवून एस.टी.त बसवून दिलं.

तिसऱ्या दिवशी शिद्राम परत दारात. मी तिथेच होतो. बाईंनी सवयीने हात वर केला, पण तो आंघोळीला थांबला नाही.

"बाई, मी मेलोय म्हनं."

घरच्यांनी दोन वर्षं वाट पाहून त्याचे दिवस घातले होते. गवताचा पुतळा करून मातीत घातला होता. बायकोच्या बांगड्या फोडल्या होत्या. तो वस्तीवर पोचला तशी पोरं पळाली, म्हाताऱ्यांनी दगड उचलले आणि बायको, मल्लव्वा, दाराच्या आतून म्हणाली, "तुमाला कोण म्हून आत घिऊ?"

मला हसू आलं. आज त्या हसण्याची लाज वाटते. बाई मात्र खाली बसल्या. "चुकलं माझं," म्हणाल्या, "विचारायला पाहिजे होतं." त्यांच्या तोंडून ही कबुली मी तेवढी एकदाच ऐकली. मग उठून मला म्हणाल्या, "उद्या सुट्टी टाका. तुम्हाला कानडी येतं."

आम्ही तिघं गेलो. शिद्रामला वस्तीबाहेर लिंबाखाली बसवलं. देवळाच्या कट्ट्यावर म्हातारे जमले, बायका लांब उभ्या राहिल्या, मल्लव्वाही त्यांच्यात होती. शेवटी तिथल्या गुरवाने सांगितलं, की दिवस घातलेला माणूस परत आला तर त्याला तसंच घरात घेता येत नाही. त्याला पुन्हा जन्म घ्यावा लागतो. आईच्या मांडीवर यायचं, न्हाऊन घ्यायचं, पाळण्यात घालून नाव ठेवायचं. मग बायकोशी पुन्हा लग्न लावायचं.

"मग लावा की," बाई म्हणाल्या. "अडलं कुठं?"

"आई कोन हुनार? त्याची आई जाऊन लई वर्सं झाली."

बायका मागे सरकल्या. मेलेला माणूस मांडीवर घेतला तर आपलं लेकरू जातं, अशी समजूत होती. गुरवाने एकेकीला विचारलं. एक म्हणाली, "माझी चार हायती, मला नगं." दुसरीने मान फिरवली. लिंबाखाली शिद्राम हे सगळं बघत होता. आई मिळाली नाही तर त्याला पुन्हा फलाटच, हे त्याला समजलं होतं. त्याची टकळी थांबलेली मला दिसली.

बाईंनी चपला काढल्या.

"मला लेकरू नाही," त्या म्हणाल्या. "माझं कोण जाणार? पाट मांडा."

एक म्हातारा कुरकुरला, "किरिस्ताव आई चालतीय व्हय?"

गुरवाने डोकं खाजवलं. मग म्हणाला, "आईची जात कुनी इचारल्याचं मला म्हायीत न्हाय. पुसत्यात ती बापाची."

असं ते बारसं झालं. बाई पाटावर बसल्या, शिद्रामने त्यांच्या मांडीवर डोकं टेकलं, बाईंनी त्याच्यावरून पदर घेतला. मग त्याला बाहेर काढून न्हाऊ घातलं. टाळूवर पाणी बाईंनीच घातलं, अगदी तान्ह्याला घालतात तसं, कपाळाला हाताचा आडोसा धरून. कुणीतरी कुंची आणली. त्या कुंचीतून मिशा बाहेर आल्या तशी सगळी वस्ती खो खो हसली. भीती गेली ती त्या हसण्याने. त्याच्या चुलतबहिणीने आत्या होऊन कानात कुर्र केलं आणि नाव शिद्रामच ठेवलं. तो लहान मुलासारखा हमसून रडत होता. "रड, रड," बाई म्हणाल्या, "जन्मल्यावर रडायचंच असतं."

लग्नाआधी गुरवाने मल्लव्वाला विचारलं, "तुला पसंत हाय का?"

ती म्हणाली, "पयल्या लग्नात मला कुनीच इचारलं नव्हतं. आता इचारलं हाय तर सांगते. मेंढरं गेली तर गेली, मानूस येऊ द्या."

ही बातमी आमच्याआधी सोलापुरात पोचली. मिशनच्या पंचांनी बाईंना बोलावून जाब विचारला. बाई म्हणाल्या, "नव्यानं जन्म घ्या, असं आपण दर रविवारी लोकांना सांगतो. एकानं घेतला तर बिघडलं कुठं?" चर्चचे पाळकसाहेब रुमालात तोंड घालून खोकले. आसरा बाईंकडेच राहिला, पण चर्चमधल्या काही बायका पुढे वर्षभर त्यांच्या शेजारी बसल्या नाहीत. बाईंना ते लागलं.

पुढे दोन वर्षांनी, थंडीत, बाई दम्याने गेल्या. औषध मीच देत होतो, ते पुरलं नाही. सकाळच्या अक्कलकोट गाडीच्या कंडक्टरबरोबर मी मैंदर्गीकडे निरोप धाडला. कुणी येईल असं मनात नव्हतं, पण कळवावंसं वाटलं.

दुपारनंतर दफनभूमीत मंडळी जमली. कांड्या भरणारे झाडून सगळे आले होते. पेटी खाली उतरवली. पाळकसाहेबांनी विचारलं, "पहिली माती घरच्यांनी द्यायची असते. कुणी आहे?"

मागून गर्दीतून एक माणूस पुढे आला. मी आधी ओळखलंच नाही. डोकं गुळगुळीत, मिशा साफ उतरवलेल्या. स्टँडवरच्या न्हाव्याकडे बसून तो तसाच आला होता.

"मी लेक हाय," शिद्राम म्हणाला.

पाळकसाहेब बाजूला झाले. त्याने मूठभर माती टाकली, "अव्वा" एवढंच म्हणाला आणि हात झटकायचे सोडून तसाच उभा राहिला. मग पाळकसाहेबांकडे वळून त्याने हळूच विचारलं, "सायेब, तुमच्यात आईचं सुतक किती दिस धरत्यात?"

त्यांच्यात सुतक नसतंच. हे पाळकसाहेबांना माहीत होतं, मला माहीत होतं, तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "तुमच्यात किती धरतात?"

"धा दिस."

"मग दहा दिवस धर," ते म्हणाले.