तिसरी फुंकर

लक्ष्मक्का गेल्याचं तिच्या नातीनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी चहा बशीत ओतला होता. तो तसाच गार झाला...

सत्तरच्या दशकात सांगोल्याकडून लग्न होऊन मी सोलापुरातल्या त्या चाळीत आले. अंगानं काडी, अकलेनं त्याहून बारीक. शेजारच्या खोलीत लक्ष्मक्का. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी. तिच्या पलीकडं तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा एकटाच राहायचा. बहीण स्टोव्हच्या भडक्यात गेली होती, एवढंच मला ठाऊक. त्या दोघांच्या खोल्यांमधली भिंत छतापर्यंत पोचलेली नव्हती, त्यामुळं इकडची शिंकसुद्धा तिकडं ऐकू जायची.

दुपारी आम्ही चार-पाच जणी मांडीवर सूप घेऊन अक्काकडं विड्या वळायचो. शुक्रवारी ती मॅटिनीला जायची, शनिवारी पिक्चर सांगायची. सगळे स्वस्तातले, सूडाचे. खलनायकाची मिशी एका बाजूनं सुटलेली, रक्त म्हणजे पाण्यात कालवलेलं कुंकू, एकच जीप तीन पिक्चरांत दरीत पडलेली. पण अक्का सांगायला लागली की बोटांतलं पान फाटायचं. सासूच्या धाकानं मी थेटर पाहिलेलं नव्हतं, त्यामुळं पुढं सरकून मीच विचारायची, "आज कसा मारला, अक्का? हळूहळू मारला न्हवं?" ते माझं रक्तपिपासू ध्यान आठवलं की आता नातवाच्या हातातलं खेळण्यातलं पिस्तूल काढून घ्यायला मन होत नाही.

अक्का त्या भिंतीकडं तोंड करून, आवाज चढवून सांगायची. मला वाटायचं, हिला कमी ऐकू येतं. आणि तिच्या प्रत्येक पिक्चरात खलनायक मरण्याआधी बशीत चहा ओतायचा, तीन फुंकरा मारायचा. तिसरीला दारात हिरो.

"समदेच कसे बशीनं पित्यात?"

"गरीब पिक्चर गं. कप परवडत नाहीत."

मी मान डोलावली. पटलंसुद्धा.

एकदा सासूबाई जेऊरला गेल्या आणि अक्कानं मला मॅटिनीला नेलं. खलनायक बाटलीनं दारू पीत पीत कड्यावरून पडला. चहाचं नाव नाही. दुसऱ्या दिवशी अक्कानं तोच पिक्चर सांगितला, बशीसकट. मी शहाणी मध्येच बोलले, "पण अक्का, त्यात च्या न्हवता की."

सगळ्यांचे हात थांबले. भिंतीपलीकडून आलं... फू. मग अजून एक, फू. तिसरी आलीच नाही. बशी फुटल्याचा आवाज आला.

बायका गेल्यावर अक्का म्हणाली, "बहीण पेटली तेव्हा मी पळत गेले. हा बशीत फुंकर मारत होता. तिसरी मारून प्याला, मग उठला. पिक्चरात पोलीस शेवटी येतात. आपल्याकडं आधीच येऊन, अपघात लिहून गेले." मग हसली. "इतके दिवस त्याला वाटत असंल, पिक्चरच तसे. तू सांगितलंस, नाहीत. चांगलं केलंस."

आठवड्यात तो खोली सोडून गेला. कुठं, कळलं नाही. अक्का त्यानंतर मॅटिनीला गेली नाही. मी मात्र सासूची नजर चुकवून जायला लागले.

परवा नातीला भेटायला त्या चाळीत गेले. पलीकडची खोली रिकामी, बाहेरून कुलूप. नातीनं चहा दिला. बशीत ओतला, एक फुंकर मारली, दुसरी मारली... आणि भिंतीच्या वरच्या फटीतून वाटलं, तिकडं कुणीतरी श्वास धरून बसलंय.

तसाच कढत प्यायले. जीभ अजून चुरचुरते आहे.